पाच दिवसांची रितीर: बार्देशातील एका साधनागृहाचा अनुभव

या लेखात साधनागृहाचे नाव दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी तिथल्या माणसांना समक्ष सांगून आले आहे. गोव्यात अशी साधनागृहे एकाहून अधिक आहेत; ज्यांना जायचे असेल त्यांनी आपल्या चर्चच्या फादरांकडे किंवा पास्टरांकडे विचारले तर पत्ता मिळतो. काही दिवस एका जागी मौनात राहून प्रार्थना आणि चिंतन करण्याच्या ख्रिस्ती साधनेला कोंकणीत रितीर म्हणतात. तिथे नेमके काय मिळते, पैसे किती पडतात आणि मराठी माणसाची तिथे सोय होते का, असे प्रश्न मला दोन-तीन जणींनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळची अहिल्यानगरची, म्हणजे आमच्या तोंडी बसलेल्या नगरची. आजोबांच्या काळापासून आमचे घर अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केलेल्या मंडळीतले, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमधले. लग्नानंतर गोव्यात आले आणि डिचोलीतील एका शाळेत मराठी शिकवू लागले. १९ वर्षांच्या संसारानंतर, दोन वर्षांपूर्वी, माझे यजमान घर सोडून गेले. ते हयात आहेत, सुखात आहेत आणि परत येणार नाहीत. मरणाच्या दुःखात कसे वागायचे हे लोकांना माहीत असते; मंडळीतली माणसे येतात, गीते म्हणतात, शेजारून डबे येतात. नवरा निघून गेलेल्या बाईच्या घरी डबा घेऊन कोणी येत नाही, कारण अशा वेळी डबा न्यायचा असतो की नाही हेच कोणाला ठाऊक नसते.

साधनागृहात जाण्यापूर्वी मी एका प्रार्थनासभेत गेले होते. तिथे दोन तास ध्वनिवर्धकावर गाणी झाली आणि शेवटी प्रमुखांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की घरात कुठेतरी कबूल न केलेले पाप असले पाहिजे. त्यानंतर सात महिने मी बायबल उघडले नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच, की मी श्रद्धेने ओथंबून तिथे गेले नव्हते. सुट्टी होती, मुलगी मैत्रिणीकडे राहायला तयार होती आणि घरात एकटीने बसवत नव्हते.

नाव नोंदवले ते दिवाळीच्या सुट्टीतल्या पाच दिवसांच्या साधनेसाठी, आणि तिथेच पहिली फसगत झाली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा उभ्या करतात, रात्रभर कर्कश संगीत चालते आणि पहाटे त्या प्रतिमा जाळतात. आमच्या मौनाची पहिली रात्र नेमकी तीच होती. टेकडीखालच्या चौकातला आवाज खिडकीच्या काचांना जाणवत होता. पहाटे प्रतिमा पेटली तेव्हा आम्हा सोळा जणांपैकी निम्मे तरी गॅलरीत उभे राहून, मौनाचा नियम काटेकोरपणे पाळत, तो जाळ पाहत होते. साधनागृह गोव्यातले, चालवणारे गोव्यातले; तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेले नाही.

जागा मात्र सुरेख आहे. चिऱ्याची जुनी दुमजली इमारत, मागे काजूची झाडे, लांब गॅलरी आणि तिच्यात वेताच्या बसक्या खुर्च्या. खोल्या लहान, एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस. मच्छरदाणी मागितली तर मिळते, न मागितल्यास मिळत नाही. आल्यावर मोबाइल कार्यालयात जमा करायचा असतो आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटांसाठी परत मिळतो, त्यामुळे ज्यांची मुले लहान आहेत त्यांनीही फार धास्ती घेऊ नये.

या सेवेचे मोल ज्यावर ठरते ती गोष्ट म्हणजे रोजची वैयक्तिक भेट. प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमून देतात आणि रोज सकाळी अर्धा-पाऊण तास त्यांच्याशी बोलायचे असते. उरलेला दिवस मौन, दिलेला शास्त्रभाग आणि स्वतःची सोबत. माझ्या मार्गदर्शक एक सिस्टर होत्या, मूळच्या वसईच्या, त्यामुळे मराठी त्यांना परकी नव्हती. पहिल्या भेटीसाठी मी सगळी हकिकत मुद्देसूद तयार केली होती, शिक्षकी सवय. सिस्टरांनी ती पूर्ण ऐकली आणि दोनच प्रश्न विचारले, झोप लागते का आणि जेवण जाते का. दोन्हींची उत्तरे नकारार्थी होती. तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, आज तुम्ही प्रार्थना करू नका. जेवा आणि झोपा. मध्ये जाग आली तर राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचा, आणि वाचता वाचता डोळा लागला तर लागू द्या.”

त्या अध्यायातली एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, निदान तसा माझा समज होता. जिवाच्या भीतीने पळालेला हा माणूस रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला बोध करत नाही, त्याची श्रद्धा तपासत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला सांगतो. पुढचा डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची मंद वाणी हे सारे या दोन जेवणांनंतर येते. आमच्या रविवारच्या शाळेत मंद वाणीवर नेहमी भर असे आणि भाकरीवरून आम्ही पुढे जात असू. त्या दिवशी साडेदहाला मला उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला लोणचे आणि भाजलेला सुका बांगडा मिळाला, आणि पुष्कळ दिवसांनी मी वाटीत काही शिल्लक न ठेवता जेवले. दुपारी चार तास झोपले. हा उपचार घरीही झाला असता असे कोणी म्हणेल. घरी जेवायला सांगणारी माणसे होती. पण त्यांच्या सांगण्यामागे ‘आता पुरे झाले’ असे काहीतरी असे, ते सिस्टरांच्या बोलण्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ८८ वे स्तोत्र मिळाले. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी पुष्कळशी विलापाची आहेत, आणि त्यांतली बहुतेक शेवटाकडे वळण घेऊन देवावरच्या भरवशापाशी येऊन थांबतात. ८८ वे तसे वळत नाही. मित्र आणि जिवलग दूर गेल्याचे सांगून ते अंधारातच संपते. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधाराचा आहे. इतकी वर्षे उपासनेला जाऊनही हे स्तोत्र वेदीवरून वाचलेले मला आठवत नाही. असे स्तोत्र ज्यांनी बायबलमध्ये राहू दिले, त्यांना माणसाची चांगली पारख असली पाहिजे. प्रार्थनासभेतल्या त्या गृहस्थांनी ज्याला पाप म्हटले होते, ते इथे प्रार्थना म्हणून छापलेले होते.

त्यावर लेखनाचा एक पाठ होता: आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी, शेवटी भरवसा, अशा क्रमाने स्वतःचा विलाप लिहायचा. शेवटचा भाग जमत नसेल तर कोरा ठेवायची मुभा होती. दरवर्षी नववीच्या मुलांकडून तक्रारपत्रे लिहून घेणाऱ्या बाईला हे सोपे जायला हवे होते, पण देवाला लिहायच्या तक्रारपत्राचा मायना काय असावा, यावरच माझी पंधरा मिनिटे गेली. तक्रार तीन पाने झाली. भरवशाची जागा मी कोरी ठेवली आणि वही सिस्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती कोरी जागा पाहिली, मान हलवली आणि वही मिटून परत दिली. या एका गोष्टीसाठी मी या साधनागृहाला पूर्ण गुण देते.

तिसऱ्या दिवसाला तितके गुण देता येत नाहीत. त्या दिवशी बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांचे क्षमेवर सामूहिक प्रवचन होते, आणि ते सर्वांना सक्तीचे होते. क्षमा करा म्हणजे मोकळे व्हाल, हे त्यांनी वेगवेगळ्या उदाहरणांतून दोन तास सांगितले. क्षमेला माझा विरोध नाही, आणि ख्रिस्ती माणसाला तो परवडणारही नाही. पण समोर बसलेल्या सोळा जणांत कोणाचे मूल गेले होते, कोणी आजारातून उठले होते, एका तरुणाला नोकरीत अपमान सोसावा लागला होता. या सर्वांना एकाच दिवशी एकाच मात्रेत एकच औषध पाजणे मला बेजबाबदार वाटले. लाजराच्या कबरीपाशी येशू काय करतो ते योहानाने लिहून ठेवले आहे. लाजराला मरून चार दिवस झाले आहेत, आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, आणि तरीही तो आधी रडतो. ज्याला शेवट ठाऊक होता त्यालाही रडण्याची पायरी गाळता आली नाही, तर आमची ती का गाळायची? मध्यंतरात मी सिस्टरांकडे जाऊन उरलेल्या प्रवचनाला न बसण्याची परवानगी मागितली. प्रवचनकारांविषयी त्या चांगले-वाईट काही बोलल्या नाहीत. मागच्या काजूच्या झाडांकडे बोट दाखवून फिरून या म्हणाल्या.

भाषेचा प्रश्नही इथेच सांगून टाकते. माहितीपत्रकावर कोंकणी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषा छापल्या आहेत. प्रत्यक्षात प्रवचने कोंकणीत आणि इंग्रजीत होतात, गायनाची पुस्तके रोमी लिपीतली असतात, आणि मराठी केवळ वैयक्तिक भेटीत मिळते, तीही मराठी जाणणारे मार्गदर्शक त्या वेळी असतील तर. बोलली जाणारी कोंकणी इतक्या वर्षांनी मला समजते, पण रोमी लिपीतले गीत वाचून सूर पकडेपर्यंत कडवे संपलेले असते. गंमत अशी, की त्यांच्या ग्रंथालयाच्या कपाटात ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले हे मराठी काव्य १६१६ साली सासष्टीतल्या राशोलला छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी या भूमीत ख्रिस्ताची कथा मराठी ओवीतून ऐकवली जात होती, आणि आज त्याच भूमीत मराठीतली चार गीते झेरॉक्स करून ठेवणे जड जाऊ नये. मी नगरहून आणलेल्या गीतांच्या पुस्तकातली काही पाने तिथे ठेवून आले आहे.

साधनागृह कॅथलिक आहे आणि मी नाही, त्यामुळे मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी मला ख्रिस्तप्रसाद (तिथे दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नव्हता. पहिल्याच दिवशी हे मला सौजन्याने, आडवळण न घेता सांगण्यात आले, आणि रांगेत येऊन छातीशी हात जोडून आशीर्वाद घेण्याची सोय असल्याचेही सांगितले. दोन दिवस मी मागच्या बाकावर बसून राहिले, तिसऱ्या दिवसापासून आशीर्वादासाठी जाऊ लागले. इतर पंथांच्या वाचकांनी ही गोष्ट आधीच मनाशी स्पष्ट करून जावे.

चौथ्या दिवशी लूकच्या २४ व्या अध्यायातली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट होती. येशूला क्रूसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावी निघाले आहेत. अंतर सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे चालत अडीच-तीन तासांचे. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्यासोबत चालू लागतो आणि तुम्ही कशाबद्दल बोलत आहात, असे विचारतो. तो स्वतः येशूच आहे, म्हणजे घडलेले सारे त्याला ठाऊक आहे. तरीही तो त्यांच्याकडून सगळे वदवून घेतो. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य असे आहे, की इस्राएलाची सुटका करणारा तो हाच अशी आमची आशा होती. मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे असेल, मला त्या वाक्यात आधी क्रियापद दिसले. ‘आशा आहे’ हे रोजच्या पत्रातले वाक्य. ‘आशा होती’ म्हटले की बोलणाऱ्याने मागे काय सोडले ते ऐकणाऱ्याला कळते. गेली दोन वर्षे मी स्वतःविषयी याच काळात बोलत होते. आमचे घर बांधायचे होते, निवृत्तीनंतर नगरला जायचे होते, मुलीचे शिक्षण दोघांनी मिळून पाहायचे होते. सिस्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांना तो कुठे भेटला ते पाहा. ते चुकीच्या दिशेला चालले होते, तरी तो त्यांच्याबरोबर चालला. आधी मागे फिरा, असे म्हणाला नाही.” हे मी त्या अध्यायात कधीच पाहिले नव्हते.

याच भेटीत मी त्यांना सांगितले की नोकरीचा राजीनामा देऊन मुलीसह नगरला परतण्याचा माझा विचार आहे. त्यांनी त्याला होही म्हटले नाही आणि नाहीही. इग्नाती लोयोला यांचा एक नियम सांगितला. या साऱ्या साधनेचा आराखडा मुळात त्यांचाच आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला हा बास्क सरदार अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनाचे चढउतार न्याहाळू लागला आणि त्या निरीक्षणातून पुढे त्याने आध्यात्मिक साधनेची पद्धत बसवली, जिला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. गोव्याला ज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, ते संत फ्रान्सिस झेवियर याच इग्नातींचे सहकारी, आणि ही साधना त्यांनी इग्नातींच्याच मार्गदर्शनाखाली केली होती. मूळ साधना सुमारे ३० दिवसांची असते. पाच दिवसांची ही तिची अगदी आटोपशीर आवृत्ती आहे, हे ध्यानात ठेवून अपेक्षा बाळगाव्यात. नियम असा, की मन उजाड झालेले असताना, त्यापूर्वी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. गोव्यात राहून शिकवायचे हा निर्णय मी शांत मनाने घेतला होता. राजीनाम्याचा विचार रात्री दोन वाजता आलेला होता. पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि त्याच्यावर तारीख घातलेली नाही.

मी बरी होऊन परतले असे लिहिणे खोटे ठरेल. शेवटच्या दिवशी सकाळी गॅलरीत चहा पीत बसले असताना मनात आले, की मुलीच्या अभ्यासाचे टेबल खिडकीपाशी हलवावे. त्या खिडकीपाशी यजमानांचा संगणक असे आणि ती जागा आम्ही दोघींनी दोन वर्षे रिकामी ठेवली होती. मुलांना विध्यर्थ शिकवताना कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे त्याचे अर्थ मी फळ्यावर लिहून देते. ‘हलवावे’ यात त्या सकाळी नेमका कोणता अर्थ होता हे मला ठरवता येईना, आणि तोवर चहा निवून गेला. घरी पोहोचल्यावर संध्याकाळीच टेबल हलवले. वहीतली भरवशाची जागा अजून कोरीच आहे. त्याची मला आता घाई वाटत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. राहणे, जेवण आणि मार्गदर्शन मिळून मला पाच दिवसांचे सहा हजार रुपये पडले. ज्यांना शक्य नाही त्यांनी पाकिटात जमेल तेवढे घालावे असे स्पष्ट सांगतात आणि पाकिटावर नाव लिहायला लावत नाहीत. जेवण साधे आणि ताजे, नाश्त्याला पोई (गोव्यातला पाव), दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि भात. शाकाहारी माणसाला चार दिवस एकच उसळ खावी लागते. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येते. म्हापशाहून येणारी बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते आणि पुढचा चढ सामान घेऊन पंधरा मिनिटांचा आहे, तेव्हा वयस्कर माणसांनी रिक्षाच करावी.

एक उणीव गंभीर आहे. नोंदणीच्या अर्जात आहाराची पथ्ये विचारतात, पण मानसिक आजारासाठी चालू असलेल्या औषधांविषयी एक ओळही नाही. माझ्या सिस्टरांनी आपणहून विचारले आणि डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी बंद करू नका असे बजावले. पण हे एका चांगल्या मार्गदर्शकाच्या जाणतेपणावर सोडून चालणार नाही. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत त्यांच्यासाठी पाच दिवसांचे मौन ही पहिली जागा नव्हे. त्यांनी आधी १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर बोलावे, किंवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावे, आणि साधनेचा विचार डॉक्टरांना विचारून नंतर करावा. कार्यालयातल्या फादरांना मी हे लेखी दिले. त्यांनी अर्ज बदलण्याचे कबूल केले आहे. बदलला की नाही ते पुढच्या खेपेला पाहीन.

पुढची खेप मी नोंदवली आहे, या वेळी आठ दिवसांची. मागच्या बाजूची खोली मागितली आहे, मराठी जाणणाऱ्या मार्गदर्शक असतील याची फोनवरून खात्री करून घेतली आहे, आणि तारीख नरकासुराच्या रात्रीपासून चांगली तीन आठवडे दूर आहे.